कक्षा निवडताना आपण काय पत्करतो? हौशी उपग्रह आणि किरणोत्साराचे पट्टे

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटची दोन प्रश्नोत्तरं तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, तुम्ही जन्मभर न्याय आणि मीमांसा शिकवलीत, आता हे उपग्रहांचं मध्येच काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. मी अभियंता नाही. उपग्रह कसा बांधावा हे मी सांगणार नाही. पण उपग्रहाबद्दल जे युक्तिवाद केले जातात ते बरोबर आहेत की नाहीत, हे तपासणं माझ्या धंद्यात बसतं. तेवढंच करणार आहे.

सुरुवात एका गच्चीपासून झाली. माझा एक जुना विद्यार्थी हॅम आहे, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला. त्याने एकदा मला पुण्यात आपल्या गच्चीवर बोलावलं. हातात काठीसारखा अँटेना, कानाला हेडफोन. त्या संध्याकाळी भारताचा हॅमसॅट डोक्यावरून जाणार होता. हा उपग्रह ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने कार्टोसॅट-१ बरोबर वर गेला होता. बेचाळीस किलोचं धूड, जमिनीपासून सहाशे-सव्वासहाशे किलोमीटरवर. त्यात दोन ट्रान्सपाँडर होते, एक भारतीय बनावटीचा आणि दुसरा एका डच हौशी तंत्रज्ञाने केलेला. अँटेना फिरवत गेलो, खरखर झाली, आणि त्या खरखरीतून दूरच्या गावातला एक माणूस बोलताना ऐकू आला. मला फार आनंद झाला. पण दहा-बारा मिनिटांत सगळं संपलं. उपग्रह क्षितिजाखाली गेला.

आणि मग गच्चीवर वाद सुरू झाला. एक म्हणाला, "हे दहा मिनिटांचं खेळणं झालं. उंच कक्षेत उपग्रह हवा, म्हणजे तासन् तास बोलता येईल." दुसरा म्हणाला, "वर गेलास की रेडिएशनमध्ये भाजून निघेल." तिसरा म्हणाला, "काही भाजत नाही. ऑस्कर-७ बघ, १९७४ सालचा आहे, अजून बोलतोय." तेव्हापासून हे तीन युक्तिवाद मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहेत, की त्यांची नीट उलटतपासणी करावी असं मनात होतं. आज ती करू.

आधी थोडी माहिती. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पाच मिनिटं सोसावं.

१९५८ साली ३१ जानेवारीला अमेरिकेचा पहिला उपग्रह, एक्सप्लोरर-१, वर गेला. त्यात आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन ॲलन यांनी एक गायगर काउंटर बसवला होता, वैश्विक किरण मोजायला. खालच्या उंचीवर आकडे अपेक्षेप्रमाणे आले. जास्त उंचीवर मात्र काही वेळा काउंटर शून्य दाखवू लागला. आता शून्याचा अर्थ काय घ्यायचा? तिथे किरण नाहीत असा? व्हॅन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सप्लोरर-३ ची माहिती आल्यावर उलटा अर्थ लावला, आणि तो खरा ठरला. किरण इतके जास्त होते की काउंटर गुदमरला होता. एका मोजणीतून सावरायच्या आत पुढचा कण येऊन आदळत होता, म्हणून तो काहीच मोजत नव्हता.

आपल्या मीमांसकांनी, विशेषतः भाट्ट परंपरेने, 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानलं आहे. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही असं कळतं. पण त्याला त्यांनी एक अट घातली. ती अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. गायगर काउंटरचं शून्य हे अंधारातलं शून्य होतं. ही अट आज आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहे, लक्षात ठेवा.

तर पट्टे दोन. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे, पृथ्वीभोवती वड्यासारखे. होय, मधे भोक असलेला मेदूवडाच. आतला पट्टा साधारण हजार किलोमीटरपासून काही हजार किलोमीटरपर्यंत, त्यात जोरकस प्रोटॉन. बाहेरचा साधारण तेरा हजारांपासून साठ हजारांपर्यंत, त्यात मुख्यतः इलेक्ट्रॉन. कडा धारदार नाहीत आणि त्या सरकत राहतात. शिवाय पृथ्वीचा चुंबकीय अक्ष तिरपा आहे आणि मध्यापासून सुमारे पाचशे किलोमीटर सरकलेला आहे. त्यामुळे दक्षिण अटलांटिक आणि ब्राझीलच्या वर आतला पट्टा खाली झुकतो, अगदी दोनशे किलोमीटरपर्यंत. याला दक्षिण अटलांटिक विसंगती म्हणतात. हबल दुर्बीण त्या टापूतून जाताना निरीक्षणं थांबवते.

या कणांनी इजा कशी होते? मुख्यतः दोन तऱ्हांनी, आणि त्या दोन तऱ्हा वेगळ्या ठेवणं फार महत्त्वाचं आहे. पहिली साठत जाणारी. रोज थोडी मात्रा, रोज थोडी झीज. ट्रान्झिस्टर गळू लागतात, सौरपट्ट्या कमी वीज देऊ लागतात. दगडावर पाणी पडावं तसं. दुसरी तऱ्हा अचानकची. एकच कण मेमरीच्या एका पेशीतून गेला आणि शून्याचा एक झाला. किंवा चिपमध्ये असा मार्ग उघडला की ती भसाभस वीज ओढू लागली, आणि वीजपुरवठा तोडेपर्यंत थांबलीच नाही. पहिल्या तऱ्हेला आयुष्याचा हिशोब चालतो, दुसरीला संभाव्यतेचा. झीज आणि अपघात यांचा विमा एकाच कागदावर काढता येत नाही. गच्चीवरच्या वादात तिघेही 'रेडिएशन' हा एकच शब्द वापरत होते आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी इजा होती. निम्मा वाद तिथेच आहे.

आता पहिला युक्तिवाद घेऊ: उंच जा.

यामागची तळमळ खरी आहे, तिची चेष्टा करू नये. पहिला हौशी उपग्रह ऑस्कर-१, १२ डिसेंबर १९६१ रोजी गेला. साडेचार किलोचा. मोर्स लिपीत 'हाय' एवढंच म्हणत राहायचा, बॅटरी तीन आठवड्यांत संपली. तिथपासून हौशी मंडळींचं स्वप्न एकच, उपग्रह डोक्यावर जास्त वेळ थांबावा. त्यासाठी लांबट, अंड्यासारखी कक्षा सोयीची. पृथ्वीपासून दूरच्या टोकाला उपग्रह हळू जातो, तासन् तास अर्धं जग त्याच्या नजरेत असतं. पुण्यातला माणूस मग युरोपशी, जपानशी निवांत बोलू शकतो. मोठा अँटेना, मोठी ताकद, डोंगरमाथ्यावरचं घर, यातलं काही नसलेला माणूससुद्धा. हा लोकशाहीचा मुद्दा आहे असं मी म्हणेन.

पण अशी कक्षा दोन्ही पट्टे कापत जाते. फेरीत दोनदा, जाताना आणि येताना.

ऑस्कर-१० ची कथा यासाठी ऐकावी. १६ जून १९८३ रोजी तो एरियान रॉकेटने गेला. सुटा झाल्यावर थोड्याच वेळात रॉकेटचा तिसरा टप्पा मागून येऊन त्याला धडकला. अँटेना दुखावला. पुढे कक्षा बदलण्यासाठीची मोटर एकदा पेटली, दुसऱ्यांदा पेटलीच नाही. विषुववृत्ताशी सुमारे ५७ अंशांचा कल हवा होता, मिळाला सुमारे २६. जवळचं टोक चार हजार किलोमीटरच्या आसपास राहिलं, दूरचं साडेपस्तीस हजारांवर. म्हणजे पट्ट्यांतून झटकन निघून जाण्याऐवजी तो त्यांच्या जाड भागात रेंगाळत राहिला. त्याच्या संगणकाची मेमरी किरणोत्सारासाठी खास टणक केलेली नव्हती. चुका शोधून दुरुस्त करणारी व्यवस्था होती, तिने अपघात सावरले. पण झीज सावरणं तिच्या हातात नव्हतं. १९८६ च्या अखेरीस संगणक निकामी झाला.

मघाशी म्हटलेला फरक इथे दिसतो. चूक दुरुस्त करणारी यंत्रणा म्हणजे वहीतली खाडाखोड सुधारणारा शिक्षक. वहीचा कागदच कुजला तर शिक्षक काय करणार?

तरीही पुढचा भाग सांगितला नाही तर अन्याय होईल. संगणक गेला तरी ट्रान्सपाँडर गेला नाही. उपग्रह दिशा बदलू शकत नव्हता, आज्ञा पाळत नव्हता, पण सूर्यप्रकाश बरा मिळाला की त्याच्यातून लोक पुढे कित्येक वर्षं बोलत राहिले. 'उपग्रह मेला' हे वाक्यसुद्धा तपासून वापरावं. काय मेलं, आणि काय जिवंत आहे?

ऑस्कर-१० वरून धडा घेतला गेला. १५ जून १९८८ रोजी गेलेल्या ऑस्कर-१३ ला किरणोत्साराला टिकणारी मेमरी दिली. त्याचा संगणक आठ वर्षं चालला. मग ५ डिसेंबर १९९६ रोजी तो उपग्रह वातावरणात शिरून नष्ट झाला. कशामुळे? सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीने त्याच्या कक्षेचं जवळचं टोक हळूहळू खाली आलं. पट्ट्यांवर मात केली आणि घात खुद्द कक्षेने केला. कक्षा निवडताना एकाच शत्रूकडे पाहत बसलं तर काय होतं, याचं हे उदाहरण. 'उंच जा' म्हणणाऱ्यांना माझी पहिली तक्रार ही. तुमचं स्वप्न चांगलं आहे, पण त्याची किंमत तुम्ही 'नंतर बघू' या खात्यात टाकता. मेमरी कुठली, सौरपट्ट्या किती जास्तीच्या, मोटर अर्धीच पेटली तर कुठल्या कक्षेत अडकू आणि तिथे किती दिवस जगू, हे आधी विचारायचे प्रश्न आहेत. ऑस्कर-१० ज्या कक्षेत झिजला, ती कक्षा कोणी निवडलेलीच नव्हती.

आता तिसरा युक्तिवाद आधी घेतो, कारण तो सगळ्यांत लोकप्रिय आहे: ऑस्कर-७ बघा.

वस्तुस्थिती विलक्षण आहे यात वाद नाही. १५ नोव्हेंबर १९७४ ला गेलेला उपग्रह, साडेचौदाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आतल्या पट्ट्याच्या खालच्या कडेत. १९८१ मध्ये बॅटरी बिघडली आणि तो गप्प झाला. सगळ्यांनी श्राद्ध उरकलं. २१ जून २००२ रोजी तो पुन्हा ऐकू आला! बॅटरीतला शॉर्ट झालेला भाग काळाच्या ओघात तुटला, मार्ग मोकळा झाला, आणि सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्रणेला मिळू लागली. पन्नास वर्षं उलटल्यावरही उन्हात आला की तो जागा होतो, सावलीत गेला की झोपतो.

यावरून अनुमान काढतात: पट्ट्याच्या कडेला राहून ऑस्कर-७ टिकला, तेव्हा आपला उपग्रहही टिकेल.

नैयायिक याला काय म्हणाले असते? धूर आहे तिथे अग्नी आहे, हे चालतं. अग्नी आहे तिथे धूर आहे, हे चालत नाही, कारण लालभडक तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ही जी मधली लपलेली अट, तिला 'उपाधी' म्हणतात. अनुमान सोपाधिक असेल तर ते बाद.

ऑस्कर-७ च्या अनुमानात ओलं सरपण कुठे आहे? त्याच्यात मायक्रोप्रोसेसर नाही. बिघडली तर सगळं ठप्प करणारी संगणकाची मेमरीच नाही. जुन्या धाटणीची, मोठ्या आकाराच्या भागांची साधी रचना आहे. अंधार झाला की बंद आणि उजेड झाला की नव्याने सुरू, म्हणजे त्याचं पुनरारंभाचं बटण दर फेरीला सूर्यच दाबतो म्हणा ना. आज आपण ज्या बारीक चिपा आणि ज्या प्रकारचं सॉफ्टवेअर वर पाठवतो त्यात यातलं किती आहे? ऑस्कर-७ नेमका कशामुळे टिकला याचा निवाडा मी करत नाही. एवढंच म्हणतो, की त्याच्यात आणि तुमच्यात हे फरक असताना त्याचं आयुष्य तुमच्या खात्यावर जमा करता येत नाही.

दुसरं, आपण वाचलेल्यांचीच गोष्ट ऐकतो. गप्प झालेले उपग्रह सभेत उठून बोलत नाहीत. आणि त्यांचं मौन पुन्हा अंधारातलं शून्य आहे. हॅमसॅट जुलै २०१४ मध्ये बॅटरीमुळे गेला. ऑस्कर-४० हा २००० साली गेलेला मोठा उपग्रह आधी मोटरच्या अपघाताने जायबंदी झाला, आणि जानेवारी २००४ मध्ये बॅटरीने त्याचा शेवट केला. ऑस्कर-७ सुद्धा पहिल्यांदा बॅटरीनेच गप्प झाला होता. या यादीवरून कोणी म्हणेल, "बघा, रेडिएशनने कोणी मरत नाही, बॅटरीने मरतात." मी म्हणेन, थांबा. प्रोटॉनांनी सौरपट्ट्या झिजतात. वीज कमी झाली की बॅटरीवरचा ताण वाढतो. मृत्यूच्या दाखल्यावर शेवटचं कारण लिहिलेलं असतं, त्यामागची झीज बहुतेक वेळा लिहिलेली नसते. या उपग्रहांच्या बाबतीत तसंच झालं असा माझा दावा नाही. कारण 'रेडिएशन नव्हतं' असं म्हणायला ते मोजायचं उपकरण आत असावं लागतं. नाही तर ती योग्य अनुपलब्धी होत नाही.

या बाबतीत फॉक्स-१ मालिकेचं मला कौतुक वाटतं. अमेरिकेतल्या ॲमसॅटच्या मंडळींनी २०१५ आणि २०१७ साली गेलेल्या आपल्या छोट्या उपग्रहांत व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे प्रयोग बसवले. बाजारात मिळणाऱ्या चिपा कक्षेत कशा वागतात ते मोजायचं. हौशी रेडिओ चालू राहिला आणि शास्त्रालाही आकडे मिळाले. अंदाज बांधण्याऐवजी मोजणं, हे मला हौशी परंपरेचं सर्वोत्तम रूप वाटतं.

आता दुसरा युक्तिवाद: खालीच राहा.

हा शहाणपणाचा वाटतो, आणि बराचसा आहेही. पाचशे-सहाशे किलोमीटरवर साठणारी मात्रा पट्ट्यांच्या मानाने फारच कमी. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्', जेमतेम एक किलोचा, जून २०१६ मध्ये गेला तो सुमारे पाचशे किलोमीटरवरच. मुंबईच्या आयआयटीचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्याहून थोडा वर. पण खाली राहणं म्हणजे निर्धोक राहणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी दक्षिण अटलांटिकचा झुकलेला पट्टा आठवावा. इंग्लंडच्या सरे विद्यापीठाने १९८४ साली सोडलेल्या यूओसॅट-२ च्या मेमरीतल्या चुका नकाशावर मांडल्या, तेव्हा त्यांचा दाट पुंजका तिथेच पडला. झीज कमी झाली, अपघात राहिले.

मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. 'खालीच राहा' म्हणणारे जी किंमत मोजतात ती त्यांच्या हिशोबात दिसत नाही. उपग्रह सुरक्षित राहतो, पण गच्चीवरच्या माणसाला दहा मिनिटंच मिळतात, तीही शेजारच्या देशांपर्यंतची. कतारच्या एस्हेल-२ या व्यापारी उपग्रहावर हौशी ट्रान्सपाँडर बसवला गेला, नोव्हेंबर २०१८ मध्ये तो गेला आणि भूस्थिर कक्षेतला पहिला हौशी ट्रान्सपाँडर ठरला. आज आपल्याकडून एका जागी रोवलेली छोटी डिश लावून त्यावरून युरोप-आफ्रिकेशी चोवीस तास बोलता येतं. भूस्थिर कक्षा बाहेरच्या पट्ट्यात येते. जानेवारी १९९४ मध्ये तिथल्याच कॅनडाच्या दोन अनिक उपग्रहांची दिशा राखणारी यंत्रणा कोलमडली, आणि त्याचा संबंध वाढलेल्या इलेक्ट्रॉनांशी जोडला गेला. तरी कतारचा ट्रान्सपाँडर चालतो, कारण तो मोठ्या व्यापारी उपग्रहाच्या घरात पाहुणा आहे. संरक्षण घरमालकाचं. पाहुणचार चांगलाच आहे, पण घर आपलं नाही. हौशींनी स्वतःच्या हिमतीवर उंच जाणं सोडून दिलं, तर पुढच्या पिढीला हे पाहुणेपणच उरेल. याचा विचार 'खालीच राहा' मध्ये होत नाही.

आणखी एक गोष्ट तिन्ही बाजू गृहीत धरतात, की पट्टे आज आहेत तसेच राहतील. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर चारशे किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला, स्टारफिश प्राइम. त्यातून इलेक्ट्रॉनांचा कृत्रिम पट्टा तयार झाला. दुसऱ्याच दिवशी टेलस्टार उपग्रह गेला, आणि जो पट्टा त्याच्या रचनाकारांनी हिशोबात धरलाच नव्हता त्याने त्याचे ट्रान्झिस्टर खाल्ले. फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा बंद पडला. माणसाने केलं ते सोडा. मार्च १९९१ मध्ये सौर वादळाने काही मिनिटांत नवा पट्टा उभा केला. २०१२ साली व्हॅन ॲलन प्रोब्सना तिसरा पट्टा दिसला, तो सुमारे चार आठवडे टिकला. हिशोबासाठी वर्षानुवर्षं वापरली गेलेली एपी-८, एई-८ ही प्रारूपं सरासरी देतात, एक शांत सूर्यासाठी आणि एक अशांत सूर्यासाठी. नदीची सरासरी खोली गुडघाभर असली तरी माणूस बुडतो. नंतरची प्रारूपं शक्यतांचा पल्ला देतात. तो वाचायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

मग करायचं काय? टीका करणाऱ्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

प्रथम शब्द सुधारू. 'कक्षा निवडणं' हा शब्दच जरा फसवा आहे. बहुतेक हौशी उपग्रह कक्षा निवडत नाहीत. मोठ्या उपग्रहाच्या गाडीत जागा मिळते, आणि गाडी जाईल तिथे उतरायचं. हॅमसॅटने कार्टोसॅटची वाट धरली. आपण कक्षा निवडत नाही, पत्करतो. आणि पत्करणं ही नैतिक क्रिया आहे. तिच्यात कोणाला तरी दिलेलं वचन असतं. उपग्रह वर्गणीतून उभा राहतो. निवृत्त माणसांनी, विद्यार्थ्यांनी पैसे दिलेले असतात, संध्याकाळी आपलं घर सांभाळून कोणी सर्किटं जोडलेली असतात. त्यांना आपण काय सांगितलं होतं? "दोन वर्षं चालेल" की "दहा वर्षं"? तीच कक्षा, तीच मात्रा, दोन वर्षांच्या वचनाला झेपते आणि दहा वर्षांच्या वचनाला मोडते. म्हणून 'ही कक्षा धोकादायक आहे का?' हा प्रश्न अर्धा आहे. कशासाठी, किती काळ, आणि काय बिघडलेलं चालेल, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

म्हणून क्रम उलटा करा एवढंच माझं म्हणणं. आधी वचन लिहून काढा. मग त्या काळातली मात्रा काढा, सरासरी नव्हे तर वाईट दिवसांसकट. मग झीज आणि अपघात यांचे दोन वेगळे कागद करा. मग शेवट ठरवा. अमेरिकी नियामकाने २०२२ साली नियम केला, की दोन हजार किलोमीटरखालच्या उपग्रहाने काम संपल्यावर पाच वर्षांत कक्षा रिकामी करावी. हजार-दीड हजार किलोमीटरवर हवेचं घर्षण जवळजवळ नाही, म्हणून तिथून खाली यायला इंजिन लागतं. आणि त्या मर्यादेच्या वर, जिथे हा नियम लागू नाही, तिथे प्रोटॉन दाट. ऑस्कर-७ ची कक्षा आज नव्याने मागायला गेलात तर ती सहज मिळणार नाही, हेही त्याचं उदाहरण देताना सांगावं.

आणि शेवटी, आत मात्रा मोजणारं काहीतरी ठेवा आणि अपयश प्रसिद्ध करा. ऑस्कर-१० चं अपयश लपवलं गेलं असतं तर ऑस्कर-१३ शहाणा झाला नसता.

गच्चीवरच्या त्या तिघांपैकी कोण बरोबर होता? तिघांनाही थोडं थोडं सत्य दिसलं होतं. मात्र तिघांपैकी एकानेही विचारलं नाही, की आपण कोणाला काय कबूल केलं आहे. ते विचारलं असतं तर वाद लवकर मिटला असता आणि चहा गरम असताना प्यायला मिळाला असता.

आता प्रश्न.

श्रोता: सर, सरळ जाड ॲल्युमिनियमचा डबा केला तर?

इलेक्ट्रॉनांसाठी उपयोग होतो, काही मिलिमीटर जाडीत त्यांचा बराच भाग अडतो. पण पाच कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन अडवायला सुमारे एक सेंटिमीटर ॲल्युमिनियम लागतं, आणि आतल्या पट्ट्यात त्याहून जोरकस प्रोटॉन भरपूर आहेत. एक किलोच्या उपग्रहाला तेवढं चिलखत घातलं, तर चिलखतच वर जाईल, आत उपग्रह राहणार नाही. म्हणून नाजूक चिपेपुरता छोटा तुकडा लावतात. तो जरूर लावावा, पण त्याच्या भरवशावर वचन वाढवू नये.

श्रोता: आमचा विद्यार्थी उपग्रह पाचशे किलोमीटरवर जाणार आहे. आम्हाला यातलं काय लागू?

अपघाताचा कागद लागू. संगणक अडकला तर आपोआप नव्याने सुरू होईल, एखादी चिप जास्त वीज ओढू लागली तर तिचा पुरवठा तुटेल, एवढी व्यवस्था हवीच. आणि एक विनंती. प्रत्येक वेळी संगणक पुन्हा सुरू झाला की वेळ नोंदवा, त्या वेळी उपग्रह कुठे होता ते काढा आणि नकाशावर ठिपका द्या. वर्षभराने तो नकाशा सगळ्यांना बघायला द्या. ठिपके ब्राझीलजवळ गोळा झाले तर समजा पट्ट्याने बोट लावलं. सगळीकडे विखुरले तर आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधा. दोन्हीतलं काहीही निघालं तरी तुमच्या मागून येणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.